रुमालाखालची दोन बोटं

माझ्या व्याह्यानं मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडं गोष्ट अर्ध्यावर आली की ऐकणारे म्हणतात, दोघांचंही थोडं थोडं चुकलं असेल. माझं काही चुकलेलं नाही. पुढचं वाचा आणि मग बोला.

मी वडगाव रासाईचा, म्हशींचा व्यापारी. बापानं वारशात मला एक दावं दिलं, त्या दाव्याला म्हैस नव्हती. आज गोठा भरलेला आहे, शिक्रापूरला कारखान्यातल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्या आहेत, आणि नदीच्या अलीकडच्या शिरूर तालुक्यात की पलीकडच्या दौंडात, माझ्याशी सौदा करायच्या आधी चहा पिऊन दम खात नाही असा व्यापारी नाही. हे सगळं मी उजव्या हातानं कमावलं. म्हणजे खरोखरच हातानं.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी हात पुढं करायचे, वर रुमाल किंवा उपरणं टाकायचं आणि खाली बोटांनी बोलायचं. म्हशीची साधारण किंमत काय हे बाजारात सगळ्यांना माहीतच असतं. तिच्यावर किती हजार, एवढंच बोटांनी सांगायचं. विकणारा जितकी बोटं सरळ ठेवील तितके हजार. घेणारा ती चाचपतो, पटलं तर मुठीत धरतो, आणि रुमाल काढला की सौदा झाला. नंतर देव आला तरी तो मोडत नाही. रुमालाखाली काय झालं ते कुणी कुणाला सांगत नाही. चेहरा मात्र दोघांनीही भिंतीसारखा ठेवायचा. मी तीस-पस्तीस वर्षं भिंतीसारखा चेहरा ठेवला, तो बायकोसमोरही तसाच राहतो अशी तिची तक्रार आहे.

तर या हाताला एका हिवाळ्यात काहीतरी झालं. सकाळी उठलो की बोटं लाकडाची. मूठ वळायची नाही आणि वळली की उघडायची नाही. पेरांवर सूज, हात गरम. भाकरी मोडता येईना. गरम पाण्यात हात बुडवून बसलो की दहा वाजेपर्यंत ती माणसात यायची. पण बाजार उजाडताना भरतो. बाजार सहाला उघडणार आणि माझा हात दहाला, हे गणित कसं जमावं?

कुणाला सांगायची सोय नव्हती. व्यापाऱ्याचा हात बिघडला हे बाजाराला कळलं की त्या हाताखाली कुणी हात घालत नाही. मुका झालेला वकील आणि बोटं न उघडणारा म्हशींचा व्यापारी, दोघांनीही घरी बसावं. म्हणून मी लपवलं. शर्टाची बटणं लावता येईनात, तर डोक्यातून घालायचे पांढरे नेहरू शर्ट शिवून घेतले. गावाला वाटलं, मी पंचायतीला उभा राहतोय. दोघं जण पाठिंबा द्यायला घरी आले आणि एक जण मी उभा राहू नये म्हणून समजूत काढायला आला. तिघांनाही चहा पाजला. कपबशी बायकोनं धरली, मी धरली नाही.

बायकोनं तिच्या परीनं सगळं केलं. निरगुडीचा पाला बांधला. बिब्बा लावला, त्यानं कातडी उठली आणि बोट होतं तसंच राहिलं. मेथीचे लाडू झाले, ते मी खाल्ले, कारण लाडवाशी माझं भांडण नव्हतं.

अशातच तो सौदा झाला. माझी मुलगी खुटबावला दिली आहे. तिचा सासरा, म्हणजे माझा व्याही, मला बाजारात भेटला. त्याला एक दुसऱ्या वेताची म्हैस हवी होती, आणि माझ्याकडं होती ती तशी म्हैस पुन्हा होणार नाही. शिंगं वळणदार, कास भरलेली, स्वभाव माझ्या बायकोपेक्षा शांत. मुलीच्या घरी दूध जाणार म्हणून मी मनाशी जरा उतरलो होतो. पाच हजार वर घ्यायचे, एवढ्यावर द्यायचं ठरवलं.

त्यानं उपरणं टाकलं. मी पाची बोटं सरळ केली. म्हणजे करायला गेलो. तीन झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत मुडपलेली, ती हलेनात. मी मनातल्या मनात दोन्ही बोटांना शिव्या दिल्या, जोर लावला, कपाळाला घाम आला, पण चेहरा भिंतीसारखा. आणि व्याह्यानं माझा हात चाचपला. नुसता चाचपला नाही. एकेक बोट सावकाश दाबून पाहिलं, जरा थांबला, मग तिन्ही बोटं मुठीत धरली आणि उपरणं काढलं.

"झालं, पाव्हणं," तो म्हणाला.

तीन हजारांत. मी काय बोलणार? बोटं उघडली नाहीत म्हणालो असतो तर धंदा त्याच मैदानात पुरला गेला असता. वर मुलीचा बाप. मुलीच्या सासऱ्याशी भर बाजारात भांडायचं म्हणजे पुढच्या सणाला मुलगी माहेरी यायची ती तोंड फुगवून. म्हैस गेली. मी घरी येऊन गोठ्यातल्या पाण्याच्या बादलीला लाथ मारली. पाय ठणकला. तोपर्यंत पायाच्या बोटांनाही तोच रोग लागला होता, हे मला तेव्हा समजलं.

पुढं चार-पाच महिने असेच गेले. मग व्याही एकदा घरी आला, माझ्या हाताकडं बघून, जसं काही आत्ताच दिसलं अशा आवाजात म्हणाला, "पाव्हणं, हाताला काय झालंय का?" मी म्हणालो, काही नाही, दार लागलं. तो म्हणाला, शिक्रापूरच्या चौकापुढं रस्त्याकडेला एकाचा तंबू हाय, झाडपाल्याची पावडर देतो, आमच्या भावकीतला एक जण लंगडत गेला आन् पळत आला.

गेलो. ट्रक धडधडत होते, तंबू हलत होता, आत काचेच्या बरण्यांत मुळ्या ठेवल्या होत्या. तंबूवाल्यानं माझा हात धरला, डोळे मिटले आणि वाताची शीर धरलीय असं सांगितलं. मी निम्म्या भावाला मागितलं. तो लगेच हो म्हणाला. इथंच मला कळायला हवं होतं. निम्म्या भावाला मागितल्यावर जो माणूस कपाळाला हात लावत नाही, लेकराबाळांची नावं घेत नाही, त्याचा माल त्याच्या स्वतःच्याच मनातून उतरलेला असतो. पण दुखणाऱ्या माणसाला व्यवहार कळत नाही.

पावडरीनं मात्र चमत्कार केला. तिसऱ्या दिवशी मूठ वळली. आठवड्यात मी म्हशीची वेसण ओढत होतो. भूक अशी लागली की बायको परातीकडं बघून सुस्कारे टाकायला लागली. चेहरा गोल झाला, गाल वर आले. आधी पांढरा शर्ट होताच, आता तोंडही पुढाऱ्यासारखं झालं, त्यामुळं पाठिंबावाले परत आले. मी स्वतः चार माणसांना त्या तंबूत पाठवलं. व्याह्याचे तर आभार मानले. हे आभार मी आता परत मागतोय.

एक दिवस पावडर संपली म्हणून शिक्रापूरला गेलो, तर तंबूच्या जागी टायर पंक्चरचं दुकान. त्याला विचारलं, तो हिंदीत म्हणाला की औषधवाला कब का गया, आपका टायर कौन सा है? मी तसाच परत आलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी उठताच येईना. हात, पाय, खांदे, जबडासुद्धा. घास चावता येईना आणि बायकोला शिवीही देता येईना. ती घाबरली ती यामुळंच. तिनं मुलीला फोन केला. मुलगी पूल ओलांडून आली, तिनं मला गाडीत घातलं आणि शिरूरला नेलं. पुण्याहून तिथं आठवड्यातून एकदा संधिवाताच्या डॉक्टर बाई येतात.

बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पेरं एकेक करून दाबायला लागल्या. आता तीस-पस्तीस वर्षांची सवय. त्यांनी दोन बोटं एकदम दाबली, आणि माझ्या तोंडून गेलं, "न्हाई परवडत."

बाई म्हणाल्या, "काय परवडत नाही?"

मुलीनं डोक्याला हात लावला. मग तिनंच आमच्या धंद्याची रीत सांगितली. बाई हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "मीही तेच करते आहे, काका. तुमची बोटं मला भाव सांगताहेत. महाग पडणार आहे."

रक्त काढलं, हातापायांचे फोटो काढले. दुसऱ्या खेपेला बाईंनी समजावून सांगितलं. हा म्हातारपणी गुडघे झिजतात तो प्रकार नाही. अंगात रोगाशी लढणारी जी फौज असते, तीच चुकून आपल्या सांध्यांवर तुटून पडते. मी म्हणालो, म्हणजे राखणीचं कुत्रं मालकालाच चावतंय. बाई म्हणाल्या, अगदी तसंच. मी म्हणालो, मग मारून टाका. त्या म्हणाल्या, मारलं तर चोर येतील. त्याला मुसकं घालायचं.

पावडरीबद्दल विचारलं. तपासल्याशिवाय सांगता येत नाही, पण तोंडाची सूज, भूक आणि रक्तातली वाढलेली साखर बघता तिच्यात स्टेरॉइड असणार, असं त्या म्हणाल्या. ते अचानक बंद झालं म्हणून मी असा कोसळलो. आणि मग त्याच म्हणाल्या की त्याच जातीचं औषध त्या थोडं देणार आहेत आणि कमी करत करत बंद करणार आहेत. मी उसळलो. म्हणालो, मग तंबूवाला काय वाईट होता, तो निम्म्या भावात देत होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "किती देतोय हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत आहे." मोजून दिलेला आणि अंदाजानं दिलेला माल यातला फरक मला कुणी शिकवायला नको.

खरी घासाघीस झाली ती मुख्य गोळीवर. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चार गोळ्या, एकाच दिवशी. आणि दुसऱ्या एका दिवशी जीवनसत्त्वाची एक, पहिलीचा त्रास होऊ नये म्हणून. माझा विश्वास बसेना. सहा दिवस बसून राहणारं औषध कसलं? मी म्हणालो, चार नको, दोन घेतो. बाई म्हणाल्या, चार. मी म्हणालो, बरं, तीन, पण रोज. म्हणजे काम लवकर उरकेल. महिन्याचं एकदम घेतलं तर अजून बरं, घाऊक.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, ही गोळी रोज घेतली तर तोंडाला फोड येतील, रक्त तयार होणं थांबेल आणि माणूस मरेल. चुकून रोज घेणारे येतात आमच्याकडं. सगळेच परत जात नाहीत. इथं भाव नाही."

एवढ्या वर्षांत मला 'इथं भाव नाही' म्हणून ते खरं करून दाखवणारी पहिली व्यक्ती ती. मी चारवर आलो. वार कुठला, तर मी म्हणालो बाजाराचा, तो मी मेलो तरी विसरणार नाही. संध्याकाळी बाजारातून आलो, जेवलो, की गोळ्या. पाकीट बायकोच्या ताब्यात, ती मोजून हातावर ठेवणार आणि गिळेपर्यंत समोर उभी राहणार. ठरलेल्या मुदतीनं रक्त तपासून यकृत नीट आहे का बघायचं. दारूला हात लावायचा नाही. ती मी पीत नव्हतो, पण सोडतो असं सांगून बाईंकडून काही सवलत मिळते का पाहिलं. मिळाली नाही.

गुण यायला दोन-तीन महिने लागतील असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात काहीच दिसेना, तेव्हा मी त्यांना म्हणालो, माल परत. त्या म्हणाल्या, "नवी म्हैस दावणीला बांधली की पहिल्या दिवशीचं दूध धरता का तुम्ही?" नाही धरत. ती आधी गोठ्यात रुळावी लागते. हे त्यांना मुलीनं शिकवलं असणार. दुसरी एक गोळी जोडीला दिली, तिच्यासाठी डोळे तपासायला लावले. याहून भारी इंजेक्शनं असतात, पण तुमच्यावर ती वेळ आलेली नाही, असंही म्हणाल्या. रोज कोमट पाण्यात बोटं उघडमीट करायची, त्याचाही व्यायाम दिला. मी तो हिशेबानं करायचो. पाच हजार, चार हजार, तीन हजार. बायको म्हणायची, आवो, घमेल्याला म्हैस इकताय का?

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी उठलो, तोंड धुतलं, आणि चहा पिऊन झाल्यावर लक्षात आलं की कपबशी मीच धरली होती. बायकोनं ते आधीच पाहिलं होतं. ती चुलीकडं तोंड करून उगाच फुंकत बसली. गॅसची शेगडी होती.

हात बाजाराच्या वेळेला उघडायला लागला. करंगळी सरळ झाली. फक्त तिच्या शेजारचं बोट वाकडंच राहिलं. मी बाईंना म्हणालो, एवढं एक सोडू नका, संपूर्ण मालाचा सौदा झालाय. त्यांनी फोटो दाखवला. त्या बोटाचा सांधा आतून खाल्ला गेला होता. त्या म्हणाल्या, "सुरुवातीच्या महिन्यांत आला असतात तर हे बोट बहुतेक वाचलं असतं. या रोगात तेवढीच घाई महत्त्वाची. तुमच्या हाताचं आधी कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

मी म्हणालो, नाही आलं. मी लपवलं होतं ना.

असं मी समजत होतो.

मागच्या महिन्यात खुटबावला गेलो. त्याच म्हशीला वगार झाली होती आणि ती आता चांगली उफाड्याची दिसत होती. मी ठरवलं, आई गेली, निदान लेक परत आणावी. अंगणात चहा झाला. चहा त्याच म्हशीच्या दुधाचा. माझ्या हाडांना बळ यावं म्हणून व्याही दर आठवड्याला ते दूध मला पाठवायचा आणि मी ते रागारागानं प्यायचो. मग त्यानं उपरणं टाकलं. या वेळी तो विकणारा, मी घेणारा. त्यानं बोटं सरळ केली, मी ती चाचपली, पण तो भाव सांगायचं सोडून माझाच हात दाबून बघायला लागला.

आणि म्हणाला, "आता गार हाय. त्या दिशी तव्यावानी तापला हुता."

मी म्हणालो, "कोणच्या दिशी?"

त्याचा चेहरा भिंतीसारखा. पण भिंत मला कळते, मी स्वतः भिंत आहे. मी त्याचा हात सोडला नाही. उपरणं तसंच वर.

"पाव्हणं, म्हशीच्या सौद्याला माझा हात तापलेला तुम्हाला कळला हुता?"

"कळला हुता."

"दोन बोटं उघडंनात, ते?"

"ती उघडंनात का उघडायची न्हाईत, ते तुमचं तुम्हाला ठावं. म्या तीन मोजली."

"आन् बोलला न्हाईत."

त्यावर तो जे बोलला ते मी कधी विसरणार नाही. म्हणाला, "रुमालाखाली कळल्यालं रुमालाखाली ठिवायचं. ही रीत बाजारात मला कुणी शिकवली? तुम्हीच. बाहीर बोललो असतो तर तुमचा धंदा बुडला असता. आन् तंबूवाल्याकडं मीच धाडलं ना तुम्हाला? मन खात हुतं म्हणूनच."

मी म्हणालो, "आकडा झाकायचा असतो. तापलेला हात झाकायचा नसतो."

मुलगी ओट्यावर उभी राहून बघत होती. दोन म्हातारे, वर एक उपरणं, खाली हात गच्च धरलेले, आणि दोघांपैकी कुणीच सोडायला तयार नाही. तिनं येऊन उपरणं ओढून काढलं आणि ते घेऊन आत गेली. आमच्या रिवाजाप्रमाणं उपरणं निघालं की सौदा झाला. पण कितीला झाला, हे त्यालाही सांगता येईना आणि मलाही. वगार अजून त्याच्याच दावणीला आहे. तो म्हणतो माझी, मी म्हणतो माझी.

लोक आता मला समजावतात. म्हणतात, दोन हजार गेले, जाऊ द्या. मी दोन हजारांचं बोलतच नाही. ती म्हैस त्यानं ठेवावी. ती माझ्या मुलीच्या हाताखाली आहे आणि सुखात आहे. वगारीचंही मी एक वेळ बघून घेईन. पण माझ्या हाताला रोग लागलाय हे घराबाहेर सगळ्यात आधी त्याला कळलं, माझ्या मुलीच्या आधी, डॉक्टर बाईंच्या आधी. तेव्हा हात माझा होता, पण तो त्याच्या हातात होता. त्यानं घरी जाताना वाटेत थांबवून, एकटं गाठून, कानात जरी सांगितलं असतं, की पाव्हणं, हात दाखवून घ्या, तर माझं बोट आज सरळ असतं. तो सौदा करून गेला, चार-पाच महिने गप्प बसला, आणि बोलला तेव्हा तंबूचा पत्ता दिला.

तो आता म्हणतो, मी धंद्याची रीत पाळली. मग येत्या बाजारी त्यानं यावं. त्याच मैदानात, चार व्यापाऱ्यांसमोर, उपरणं न टाकता, माझं हे वाकडं बोट हातात धरावं आणि मोठ्यानं सांगावं, की व्याही आजारी आहे हे कळल्यावर गप्प बसायचं, ही रीत कुठल्या बाजाराची? मी सहा वाजता तिथं उभा असेन. हात आता सहाला उघडतो.